धुतलेली बाटली

आमच्या शाळेतली मावशी आता बाटल्या धूत नाही. मुलांच्या विसरलेल्या, बाकाखाली घरंगळलेल्या, मैदानात पडून राहिलेल्या पाण्याच्या बाटल्या ती जशाच्या तशा फळीवर ठेवते आणि मालक खिडकीशी आला की त्याच्या देखत झाकण उघडून आत नाक घालते. नव्या मुलांना हा विक्षिप्तपणा वाटतो. परवा एका पालकानं लेखी तक्रार केली, की हा काय अस्वच्छ प्रकार आहे. ती तक्रार माझ्या टेबलावर आली आणि मी ती फाडून टाकली. मी शाळेतला साधा क्लार्क. पत्रं फाडायचा अधिकार मला कुणी दिलेला नाही, पण त्या दिवशी मी तो घेतला.

मुलं मला शिक्केकाका म्हणतात, कारण दाखल्यांवर शिक्का मीच मारतो. माझी आणि मावशीची खोली एकच, जिन्याखालची. मधे प्लायवूडची आडभिंत घातली आहे. अलीकडे माझा कॉम्प्युटर आणि फायली, पलीकडे तिचं 'हरवलं-सापडलं'. तिला एक खिडकी आहे, खिडकीबाहेर एक लाकडी बाक आहे, आणि आत छतापर्यंत फळ्या. आडभिंत इतकी पातळ की तिकडे तिनं सुस्कारा टाकला तरी इकडे मला ऐकू येतो. तेरा-चौदा वर्षं आम्ही असे बसलोय. एवढ्या काळात संसारसुद्धा मोडतात, आमची आडभिंत मात्र टिकून आहे.

शाळेत येण्याआधी ती एका इस्पितळाच्या धुलाईखान्यात होती. अकरा वर्षं तिनं चादरी धुतल्या. तिथं तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की डाग कुणाचा, कशाचा, हे विचारायचं नाही, डाग काढायचा. ही शिस्त तिच्या हाडीमाशी मुरली होती. नवरा फार लवकर गेला, 'आणि होता तेव्हाही नसल्यासारखाच होता,' असं ती म्हणे. मुलगा दूरच्या शहरात नोकरीला. दर रविवारी फोन करतो आणि तिकडचं हवामान सांगतो.

तिची कामाची पद्धत मी दुसरीकडे कुठंच पाहिली नाही. वस्तू आली की आधी चिठ्ठी: काय, कुठं, केव्हा. मग साफसफाई. स्वेटरला बटण नसेल तर बटण, चपलेचा पट्टा सुटला असेल तर दोन टाके, कंपासपेटीला गंज असेल तर तेलाचं बोट. बाटल्या तर ती गरम पाणी, सोडा आणि लांब दांड्याचा ब्रश घेऊन अशा घासायची की नव्या बाटलीनं लाजावं. मी एकदा म्हटलं, "मावशी, तुम्हाला सांभाळायला ठेवलंय, न्हाऊ घालायला नाही." तर म्हणाली, "भाऊ, दुसऱ्याची वस्तू परत द्यायची तर तोंड धुवून द्यावी."

आणि विचारायचं नाही, हा तिचा दुसरा नियम. सुरुवातीला तिनं एकदा विचारलं होतं. कुणा मुलाच्या दप्तरात नापासाचा पेपर सापडला, तिनं भाबडेपणानं वर्गशिक्षकांना दाखवला, आणि दुसऱ्या दिवशी ते पोर सुजलेला गाल घेऊन खिडकीशी आलं. दप्तर घेतलं, तिच्याकडे एकदा पाहिलं आणि गेलं. तेव्हापासून मावशीच्या तोंडाला कुलूप. मुलांना हे ठाऊक होतं. म्हणून तर ती तिच्या खिडकीशी निर्धास्त यायची.

आता एका पेयाचं सांगतो, आणि त्यात माझाही हात आहे हे आधीच कबूल करतो.

समोरच्या दुकानाच्या फ्रिजमध्ये एनर्जी ड्रिंकचे उंच, चकचकीत कॅन आले तेव्हा मुलं त्याला 'चार्जिंग' म्हणू लागली. "चार्ज झालास का?" "माझं दोन टक्के राहिलंय रे." आम्हीही हसायचो. मग नववीतल्या एका मुलाचे प्रार्थनेच्या वेळी हात थरथरायला लागले, एका मुलीच्या छातीत वर्गातच धडधड सुरू झाली आणि थांबेचना. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, मला परिपत्रक काढायला सांगितलं. मी घाईत होतो. मी लिहिलं: 'शाळेच्या आवारात शक्तिवर्धक पेयांचे कॅन आणण्यास सक्त मनाई आहे.' शिक्का मारला आणि सूचनाफलकावर लावलं.

पेयांचे कॅन. पेयं नव्हे, कॅन. आठवड्यात एकाही मुलाच्या हातात कॅन उरला नाही आणि सगळ्यांच्या हातात स्टीलच्या बाटल्या आल्या. बाहेरून काही दिसत नाही, आत काय ते ज्याचं त्याला ठाऊक. मोठ्या बाई खूश झाल्या. पाणी पिण्याचं प्रमाण वाढलं म्हणून त्यांनी सभेत मुलांचं कौतुक केलं.

मावशीला मात्र पहिल्याच दिवशी कळलं. खोकल्याच्या औषधात च्युइंगगम विरघळवलं तर जो वास येईल, तो वास आडभिंत ओलांडून माझ्यापर्यंत आला. मी विचारलं, "काय हो हे?" ती म्हणाली, "काही नाही. साखरेचं पाणी आहे. निघेल." आणि ब्रशचा आवाज सुरू झाला. मला समजलं होतं. मीही गप्प बसलो. परिपत्रक दुरुस्त करायचं म्हणजे आपली चूक कबूल करायची, आणि तेवढं मोठं मन माझ्यापाशी नव्हतं.

विसरभोळीची बाटली हिरवी होती, बुडाशी पोचा आलेली. शेवटच्या वर्गातली मुलगी, सोळा-सतराची. विसरभोळी हे नाव मावशीनंच ठेवलं, कारण पोरगी रोज बाटली विसरायची. अगदी रोज. दुपारच्या सुट्टीनंतर बाटली कुठल्यातरी बाकावरून खिडकीत यायची आणि शाळा सुटली की मागोमाग मालकीण.

"मावशी, माझी बाटली?"

"आली गं तुझी बाटली. तूच तेवढी उशिरा येतेस."

"आज कुठं सापडली?"

"जिथं तू ठेवलीस तिथंच. पाय फुटत नाहीत तिला."

मग ती खिडकीच्या कडेला कोपर टेकून पाच-दहा मिनिटं उभी राहायची. बाटली घ्यायची, झाकण उघडून आत बघायची, वास घ्यायची. मला वाटायचं, मावशीनं किती स्वच्छ धुतलीय ते बघते. मग झाकण लावायची आणि काहीतरी इकडचं तिकडचं बोलायची. बोलणं फार भरभर. एक वाक्य पुरं व्हायच्या आत दुसरं. नखं कुरतडून कुरतडून बोटांची टोकं लाल झालेली. एकदा हसत म्हणाली, "मावशी, तुम्हाला झोप कशी येते हो? म्हणजे नेमकं काय करता तुम्ही?" मावशी म्हणाली, "डोळे मिटते." "एवढंच?" "एवढंच." "मी मिटते तर आत सगळं पळतच राहतं." यावर मावशीनं तिला बिस्किट दिलं.

बिस्किट! मी आडभिंतीच्या अलीकडे बसून हे ऐकत होतो, आणि त्या वेळी मला त्यात काही वावगं वाटलं नाही. परीक्षा जवळ आलीय, पोरं जागतात, चालायचंच. हे 'चालायचंच' मी आयुष्यात किती वेळा म्हटलं असेल कोण जाणे. आता तो शब्द जिभेवर आला की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

परीक्षेला महिना राहिला असताना एका सोमवारी विसरभोळीचा कॅल्क्युलेटर आला. मंगळवारी तिचं निळं जॅकेट. बुधवारी रंगांची पेटी, चांगली चोवीस रंगांची. गुरुवारी घड्याळ, आजोबांचं, पट्ट्याला तिनं स्वतः जादा भोक पाडलेलं. आणि नवल म्हणजे यातलं काहीच न्यायला ती आली नाही. बाटलीही त्या चार दिवसांत विसरली नाही. मावशीनं तिच्यासाठी फळीचा एक कोपरा मोकळा केला, जॅकेटचा उसवलेला खिसा शिवला, घड्याळाची काच पुसली.

"भाऊ, ही पोरगी म्हणजे कमाल आहे," ती म्हणाली.

"असंच चाललं तर एक दिवस स्वतःलाच कुठंतरी विसरून जाईल," मी म्हणालो. आम्ही दोघंही हसलो.

शुक्रवारी दुपारी दोनच्या सुमाराला हिरवी बाटली आली. मी दाखल्यांची चळत घेऊन बसलो होतो. पलीकडे नळाचा आवाज सुरू झाला आणि लगेच बंद झाला. मग मावशीनं हाक मारली, आणि तो आवाज असा होता की माझ्या हातातला शिक्का खाली पडला.

ती बाटली उलटी धरून उभी होती. "भाऊ, वास घ्या."

मी घेतला. "काही वास नाही."

"धुतलीय," ती म्हणाली. "तिनंच धुतलीय. आतून पुसलीय. बारा वर्षांत एक पोर बाटली धुवून विसरलं नाही."

मग तिनं कॅल्क्युलेटर, जॅकेट, पेटी, घड्याळ सगळं खाली काढलं आणि प्रत्येकावरची चिठ्ठी वाचली. स्वतःच्याच अक्षरातल्या चिठ्ठ्या ती पहिल्यांदाच वाचत असल्यासारखी वाचत होती. कुठं सापडलं? खिडकीबाहेरचा बाक. कुठं सापडलं? खिडकीबाहेरचा बाक. बाटलीची धरून पाचही चिठ्ठ्यांवर तेच.

"हे हरवलेलं नाही," मावशी म्हणाली. "हे ठेवलंय. माझ्यापाशी ठेवून गेलीय ती."

आदल्या दिवशीचा माझा विनोद मला आठवला.

वर्गात गेलो तर बाक रिकामा. डोकं दुखतंय सांगून पहिल्या सुट्टीतच गेली, असं वर्गशिक्षिका म्हणाल्या. मोठ्या बाईंनी घरी फोन लावला. आई एका मोठ्या दुकानात गल्ल्यावर असते आणि कामाच्या वेळी तिथं फोन कपाटात ठेवावे लागतात. वडील मालाची गाडी चालवतात, ते उचलत नव्हते. "येतील फोन," मोठ्या बाई म्हणाल्या. "परीक्षेच्या तोंडावर गवगवा नको. मुलं कंटाळून जातात कधीकधी."

"जाताना घड्याळ काढून जात नाहीत," मावशी म्हणाली. मोठ्या बाईंसमोर ती इतक्या वर्षांत खाली बघून बोलत आली होती. त्या दिवशी तिनं वर पाहिलं, बाटली काखोटीला मारली आणि चालू लागली. मी मागून धावलो.

तिचा उजवा गुडघा गेलेला आहे. जिना चढायचा तर ती एकेक पायरी दोन्ही पायांनी चढते. ती बाई त्या दिवशी रस्त्यावरून पळत होती. पळणं कसलं, एक पाय ओढत ढकलत स्वतःला नेत होती. समोरच्या दुकानदाराला विचारलं. "हिरव्या बाटलीवाली? सकाळी येऊन गेली. चार कॅन घेतले." मी म्हणालो, "अहो, चार दिलेत?" तो म्हणाला, "मागितले, दिले. मी काय डॉक्टर आहे?" मावशीनं त्याच्याकडे नुसतं बघितलं. शिव्या द्यायला वेळ नव्हता, नाहीतर त्या दिवशी त्यानं ऐकल्या असत्या. तो मग जरा नरमून म्हणाला, "मैदानामागच्या रस्त्यानं गेली. दप्तर नव्हतं तिच्याकडे."

मैदानामागं लांब पल्ल्याच्या बसचे थांबे आहेत. पहिल्या थांब्यावर कुणी नाही. दुसऱ्यावर दोन म्हातारे. तिसऱ्याकडे जाताना समोरून एक बस निघाली आणि मावशी मधेच थांबली. "गेली," ती म्हणाली. "भाऊ, गेली ती. मी रोज बघत होते. रोज माझ्या हातात होतं." मी तिचा दंड धरला. आणि तिला पुढं ओढत राहिलो.

बस पुढं सरकली आणि मागचा बाक दिसला. ती तिथं बसली होती.

हात मांड्यांखाली दाबून बसली होती, तरी खांदे थरथरत होते. ओठ सुकून पांढरे पडलेले. छाती कपड्यांवरून उडताना दिसत होती. किती बस आल्या आणि गेल्या, तिला माहीत नव्हतं. आम्हाला पाहून तिला आश्चर्य वाटलं नाही.

"वस्तू मिळाल्या ना मावशी?"

"मिळाल्या."

"सगळ्या?"

"सगळ्या मिळाल्या. तूच तेवढी राहिली होतीस."

मावशी तिच्याशेजारी बसली आणि पोरीला घट्ट धरलं. मी विचारलं, कुठं निघाली होतीस पोरी. ती म्हणाली, "माहीत नाही काका. जिथून परत यायला लागणार नाही, तिथं. पण कुठल्या बसमध्ये बसायचं ते ठरेचना. चार प्यायले, म्हटलं आता तरी ठरेल. तर फक्त हृदयच पळायला लागलं. मी इथंच." मग म्हणाली, "तुमच्याकडे वस्तू नीट राहतात, म्हणून तिथं ठेवल्या."

टॅक्सी करून इस्पितळात नेलं. तरुण डॉक्टरीण होती. तिनं नाडी धरली आणि तिचा चेहरा बदलला. यंत्रं लावली, वायरी लावल्या. मग आम्हाला बाहेर घेऊन विचारलं, काय प्यायली, केव्हापासून, झोप किती. आणि मावशी, जिनं आयुष्यात कुणाचं काही सांगितलं नाही, ती घडाघडा बोलू लागली. जूनपासून रोज एक. दिवाळीची सुट्टी संपल्यावर वास दाट झाला, म्हणजे दोन असतील. नखं केव्हापासून. हात केव्हापासून. मिटल्या डोळ्यांआड काय पळतं. एकेक दिवस तिच्याकडे नोंदल्यासारखा होता. डॉक्टरीण लिहून घेता घेता थांबली. "तुम्ही आई का?"

"नाही. मी बाटल्या धुते," मावशी म्हणाली.

डॉक्टरीण चिडली नाही, चिडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, नुसत्या या पेयानं पोर इथवर येत नाही. मन आधी थकलेलं असतं, ते ओढायला हे प्यायचं, मग झोप जाते, झोप गेली की मन आणखी खचतं, आणि ते ओढायला आणखी प्यायचं. "मधे कुणीतरी अडवावं लागतं," ती म्हणाली आणि आत गेली.

पुढचं सांगायचं तर पोरगी जगली. परीक्षेला बसली नाही. दीड वर्ष झालं, औषधं चालू आहेत, दर आठवड्याला ती एका मानसोपचार तज्ज्ञाकडे जाते. काही दिवस बरे असतात. वाईट दिवसांत ती अजून फोन उचलत नाही, आणि मग मावशी खिडकी बंद करून तिच्या घरी जाते. ती पुरती बरी होईल की नाही हे कुणीच छातीठोकपणे सांगत नाही. परिपत्रक मी पुढच्याच सोमवारी बदललं. दुकानदाराच्या फ्रिजमध्ये कॅन अजून आहेत.

पण मला सांगायचं आहे ते त्या संध्याकाळचं. आई धावत आली, दुकानाचा गणवेश तसाच अंगावर. मुलीला पाहून रडली, आम्हाला हात जोडले. आणि मग मोठी माणसं अशा वेळी बोलतात तसं काहीतरी बोलू लागली. "माझी पोर पहिल्यापासून विसरभोळी हो. हिला काही म्हणजे काही लक्षात राहत नाही. रोज बाटली विसरायची शाळेत. या मावशी होत्या म्हणून..."

"मी एकदाही विसरले नाही, आई."

आवाज इतका बारीक होता की आई बोलतच राहिली. मावशीनं तिला हातानं थांबवलं.

पोरगी छताकडे बघत होती. "तळाला मुद्दाम थोडं ठेवायचे. वास यावा म्हणून. मला वाटायचं, मावशी वास घेतील आणि विचारतील. रोज वाटायचं, आज विचारतील. मग मी खिडकीशी यायचे, झाकण उघडायचे, तर आत काहीच नसायचं." "इतकी स्वच्छ असायची बाटली. मला वाटलं, तुम्हाला कळून घ्यायचंच नाहीये."

मावशीच्या मांडीवर ती हिरवी बाटली होती. बोलणं ऐकता ऐकता ती सवयीनं रुमालानं बाटलीचं बूड पुसत होती, आणि ते तिला तेव्हा दिसलं. तिचा हात थांबला. अकरा वर्षं चादरी आणि बारा वर्षं बाटल्या धुतलेला तो हात काय करावं हे न कळून तसाच हवेत राहिला. बाई हमसून हमसून रडेल असं मला वाटलं. मला स्वतःला तर भिंतीवर डोकं आपटावंसं वाटत होतं, कारण आडभिंतीच्या अलीकडे बसून तो वास मीही रोज घेतला होता.

ती रडली नाही. तिनं रुमाल आणि बाटली खाली जमिनीवर ठेवली, खुर्ची पलंगाला लावली आणि पोरीचा लाल बोटांचा हात आपल्या हातात घेतला.

"आता विचारते," ती म्हणाली. "केव्हापासून गं?"

"सगळं सांगू?"

"सगळं सांग. मी काही धुणार नाही."